पहिलं उत्तर

शिवानीने संगणकाचं बटण दाबलं आणि ती पडद्याकडे बघत राहिली. शाळेला नव्याने मिळालेले हे संगणक कोरे होते. चालू झाले की केबलवरून साद घालायचे, आणि जो सर्व्हर आधी ओ देईल त्याच्याकडून सगळं उतरवून घ्यायचे. तो सर्व्हर तिने पुण्याहून आणून टेबलावर जोडला होता.

पण पडद्यावर आलं दुसरंच. जुनी निळी पाटी, वर नाव: उंबराचं खाचर.

"हे काय आता?" मुख्याध्यापक सर्जेराव पुढे झाले. "उद्या परीक्षा आहे पोरांची. नाही जमलं तर सगळ्यांना भोरला न्यावं लागंल."

तिने शेजारचा चालू केला. डोहाकडचं. पुढचा. लांबट खाचर. मार्गासनीतली तिच्या घरची भाताची खाचरं, घरात म्हणतात तशीच; तिचे वडील, आबा, इथे गुरुजी असताना संगणकांना हीच नावं द्यायचे.

"बाळाबाई, आबांचा सर्व्हर चालू आहे?"

"व्हय की, कपाटामागं." झाडता झाडता बाळाबाई थांबल्या. "गुरुजींनी सांगितलेलं, हे बंद करायचं न्हाई. ते गेले म्हनून मी करू व्हय?"

"म्हणजे आनंदराव गुरुजी अजून तुझ्या आधी बोलतात," सर्जेराव हसले. "बंद कर तो. तुझा नवा आहे."

ती कपाटामागे वाकली. सर्व्हरवर धूळ नव्हती. बटणापर्यंत गेलेलं बोट तिथेच थांबलं.

आबा आषाढात गेले. तेव्हा खोलीत खिडकीकडची जुन्या संगणकांची रांग तेवढी होती. त्यांची नावं तिला पाठ होती: विहिरीचं, पाणंदीचं, वरचं, खालचं. उंबराचं त्यांत नव्हतं. हे संगणक तर भाद्रपदात आले. म्हणजे न आलेल्या संगणकांची नावंही आबांनी आधीच लिहून ठेवली होती.

तिने ओढणीच्या टोकाने उगाच चष्मा पुसला. मग परीक्षेची नवी प्रणाली आबांच्या सर्व्हरवर चढवली आणि टेबलावरच्या आपल्या सर्व्हरची केबल काढून गुंडाळली.

"अगं, तो कशाला काढतेस?"

"दोघांनी एकदम बोलून चालत नाही, सर."

तिने नवी रांग पुन्हा चालू केली. निळी पाटी गेली, परीक्षेचं पान आलं. वरची नावं तशीच राहिली. सर्जेराव हजेरी घ्यावी तसे ती नावं मोठ्याने वाचत गेले. शेवटच्या पडद्याशी ते तिच्याकडे वळले.

"पुढच्या वर्षी अजून संगणक मिळतील म्हणतात. मागवू का?"

"मागवा," शिवानी म्हणाली. "आमची खाचरं अजून बाकी आहेत."