गोमिये नदीचे दुरुस्त आकडे

दर सप्टेंबरात मी पालकांना वर्गात बसवते आणि तेच ते कानीकपाळी ओरडून सांगते. भूगोलाचे पेपर तीन. पहिल्यात साठ प्रश्न, बरोबर उत्तराचा गोल पेन्सिलीने काळा करायचा. दुसऱ्यात नकाशा आणि लांबलचक उत्तरं. तिसरा पेपर म्हणजे वही. पोरांनी बाहेर जाऊन स्वतः काहीतरी मोजायचं, लिहायचं, आणि गुण आम्ही शिक्षकांनीच द्यायचे. इथवर आलं की पालकांचे चेहरे खुलतात. मग मी पुढचं सांगते. परीक्षा मंडळ त्यातल्या पाच वह्या मागवून घेतं, आणि मिस वेल्माने, म्हणजे मी, हात सैल सोडलाय असं वाटलं तर अख्ख्या वर्गाचे गुण खाली ओढतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

आमच्या शाळेत तेवीस वर्षं वही म्हणजे गोमिये नदी. जागा तीन: वरचा पूल, मधली धोंड, आणि नदी समुद्राला मिळते ते ला बूश गाव. सामान म्हणजे दोरी, मोजपट्टी आणि एक संत्रं. संत्रं पाण्यात सोडायचं, दहा मीटर जायला किती सेकंद लागतात ते बघायचं. पुस्तक म्हणतं, खाली खाली नदी खोल होत जाते आणि वेगही वाढतो. आता नदीने काही पुस्तक वाचलेलं नसतं. एखाद्या वर्षी आकडे भलतेच येतात. म्हणून माझ्या खणात एका चांगल्या सालाची वही असते, मंडळाने वाखाणलेली. पोरं ती बघतात आणि आपले आकडे सरळ करतात. याला आम्ही फसवणूक म्हणत नव्हतो, इस्त्री म्हणायचो. सगळ्याच शाळा करतात, माझ्याकडे असं बघू नका.

त्या वर्षी वर्गात इझोला होती. घर ला बूशला, अगदी काठावर. तिची आई मा लेऑनी नदीच्या उतारापाशी बेक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, आणि खारा मासा विकायची. पोरीला नर्स व्हायचं होतं. त्याला पाच विषय लागतात आणि तिचा पाचवा भूगोल. बाकीची सतरा पोरं नदीवर एकदाच गेली, तेही हुंदडायला. ही बया चार शनिवार गेली.

मार्चमधल्या एका शुक्रवारी ती वही घेऊन टेबलापाशी आली.

"मिस, ला बूशची चार शनिवारची खोली बघा, सेंटीमीटरमध्ये. बेचाळीस, अडतीस, एकोणतीस, सतरा."

"मोजपट्टी उलटी धरली असशील."

"नाही हो मिस. आणि डोंगरात तर रोज पाऊस आहे. वरून येणारी प्रत्येक बस चिखलाने माखलेली असते. मग पाणी जातंय कुठे?"

"तुझ्या डोक्यात," मी म्हटलं. वर्ग खो खो हसला.

माझं डोकं फिरलं होतं, खरं सांगते. सोमवारी वह्या पाठवायच्या होत्या आणि ही नेमकी त्या पाचांत निघाली तर अठराही पोरं गोत्यात.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा, बाई. मंडळाला तुझी नदी नकोय. पुस्तकातली हवी आहे."

"पण मी मोजलंय."

"तुला नर्स व्हायचंय की नदी व्हायचंय?"

मी तिच्या हातातलं खोडरबर घेतलं आणि चारही आकडे माझ्या हाताने खोडले. तिथे शाईने चांगल्या सालाचे आकडे तिच्याकडून लिहून घेतले. वही मिटताना ती हळूच म्हणाली, "मिस, हल्ली नदीचा आवाजसुद्धा येत नाही. आईला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं."

"बरंच झालं की. शांतपणे अभ्यास कर."

शनिवार-रविवार डोंगरावर काळं झाकोळून आलेलं होतं आणि खाली मात्र लख्ख ऊन होतं. सोमवारी सकाळी मी पाच वह्या पाकिटात भरून टपालात टाकल्या. दुपारी शिक्षकांच्या खोलीत दशीनच्या कंदाचे उकडलेले तुकडे खात खात सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले. चौथा प्रश्न: डोंगरात दरड कोसळून नदी अडली आहे, हे खालच्या गावाला कशावरून कळेल? दोन खुणा लिहा. गुण दोन.

इझोलाने लिहिलं होतं: पाऊस चालू असूनही नदीचं पाणी कमी होत जातं. नदीचा आवाज थांबतो.

दोन बरोबरच्या खुणा केल्या, दोन गुण दिले, पुढचा पेपर ओढला. तोही संपवला. तिसऱ्या पेपरावर माझा हात थांबला. मी इझोलाचा पेपर पुन्हा वर काढला. हे उत्तर मीच फळ्यावर लिहून दिलेलं होतं. पोरीने ते पाठ केलं होतं, आणि नंतर जाऊन मोजलंही होतं.

ला बूशच्या पोलीस चौकीला फोन लावला. कॉर्पोरल बार्नबी हसतच बोलला.

"अहो मिस, इथे जत्रा भरलीय! नदी आटली, डबक्यांत मासे नुसते तडफडतायत. अर्धं गाव टोपल्या घेऊन उतरलंय. तुमच्यासाठी ठेवू का वाटा?"

"बार्नबी, सगळ्यांना वर काढ. आत्ता! डोंगरात पाणी तुंबलंय."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या वर्गातल्या मुलीने."

"अहो, पोरींचं काय घेऊन बसलात. राजधानीतून फोनबिन आला असता तर..."

"शिट्टी मार, मेल्या!" मी किंचाळले. "माझी चूक निघाली तर नोकरी सोडते."

"बरं बरं, मारतो. रागावू नका."

मी धावत वर्गात गेले. इझोला बाकावर बसून पावाला लोणी लावत होती.

"तुझी आई कुठाय?"

"नदीत, मिस. सकाळीच टोपली घेऊन गेली. आज मासेच तळणार म्हणाली." मग तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि सुरी खाली ठेवली. तिला काही सांगावं लागलं नाही. पाणी जातंय कुठे, हे तिने शुक्रवारीच विचारलं होतं, मीच ते खोडलं होतं.

मिळेल त्या बसने निघालो. ला बूशच्या वरच्या वळणावर ड्रायव्हरने आपणहून गाडी थांबवली. डोंगराकडून दगडांचे ट्रक एकामागून एक रिकामे करावेत तसा आवाज येत होता. मग पाणी दिसलं, तपकिरी, मुळांसकट झाडं घेऊन आलेलं. खालून बार्नबीची शिट्टी ऐकू येत होती. तो वाजवतच होता. इझोला "आई गं" एवढंच म्हणाली आणि माझा दंड धरला. तिच्या नखांचे व्रण आठवडाभर राहिले.

शिट्टीने बरेचसे लोक वर आले. नऊ आले नाहीत. मा लेऑनी काठाला लागली होती, भरलेली टोपली आणायला परत वळली, असं शेजारीण म्हणाली.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. इझोला मावशीच्या घरून शाळेत आली. भूगोलात पहिली श्रेणी. मंडळाने बघितलेल्या पाच वह्यांत तिची होती आणि ती शेरा घेऊन परत आली होती: नदीचे आकडे सिद्धांताशी उत्तम जुळतात, शिक्षकांनी दिलेले गुण योग्य. अठरापैकी एकाचाही गुण कापला गेला नव्हता. मी निकालाचा कागद आणि वही तिच्यापुढे ठेवली.

तिने कागदाकडे बघितलंही नाही. वही उघडली, ते पान काढलं आणि खिडकीपाशी तिरकं धरलं. पेन्सिल दाबून लिहायची सवय होती तिला. शाईच्या आकड्यांखाली जुने वळ अजून उमटलेले होते.

"लिहा, मिस," ती म्हणाली. "बेचाळीस."

मी कागद घेतला. लिहिलं.

"अडतीस. एकोणतीस." तिचं बोट पानावरून सरकत होतं. "सतरा."

"लिहिलं."

"तारखा टाका. आणि कुणी मोजलं ते."

मी तारखा टाकल्या, तिचं नाव लिहिलं. ती उभीच राहिली. तेव्हा मी त्याखाली आणखी एक ओळ घातली, कुणी खोडलं त्याची, आणि सही करून कागद तिच्या हातात दिला.