भिंतीवरचं सायरचं नाव

टप्.

दुपारच्या शांततेत मोरीतल्या नळाचा एक थेंब पडला आणि माझ्या पायातला गारवा आणखी थोडा वर सरकला. मित्रांनो, वाळवंटात गारव्याला नको कोण म्हणेल? मी म्हणते. मी जैसलमेरच्या किल्ल्यातल्या जेठमलच्या घराची जुनी भिंत आहे, आणि मला भीती वाटते ती पाण्याचीच.

पाथरवटांनी मला खाचेत खाच बसवून, पिवळ्या चिऱ्यांवर चिरे ठेवून रचलं. तेव्हा पाणी खालच्या तलावातून बायकांच्या डोक्यावरून वर येई. त्यात आधी पोर न्हाई, मग त्याच पाण्यात कपडे निघत, उरलेलं अंगण सारवायला. माझ्यापर्यंत थेंब म्हणून पोचत नसे.

आमच्याकडे लग्न ठरलं की दारालगतच्या भिंतीवर गणपती रंगवतात आणि त्याखाली नवरानवरीची नावं नि तिथी लिहितात. गावाला तेच आमंत्रण. माझ्या अंगावर अशी सात लग्नं आहेत. शेवटचं जेठमल आणि सायरचं. सायर सासरी आली तेव्हा उंबरठ्याशी घुंगट जरासा वर करून तिने आधी आपलं नाव वाचलं आणि त्यावरून बोट फिरवलं. ती ऊब माझ्यात अजून आहे.

मग घरात नळ आला. सायरने त्याला कुंकू लावलं, आळीत गूळ वाटला. तिच्या डोक्यावरचा घडा उतरला म्हणून मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू? पण सांडपाण्याला वाट कुठे होती? त्यात शेजारच्या घरात प्रवाशांसाठी खोल्या निघाल्या, माळ्यावर न्हाणीघरं झाली. सगळं पाणी माझ्या पायात मुरलं आणि गणपतीखाली मला तडा गेला.

जेठमलने मायेपोटीच तो सिमेंटने लिंपायला घेतला. शेजारचे म्हातारे पाथरवट काकोसा धावत आले. "अरे जेठा, तोंड दाबतोस काय तिचं? आतली ओल निघायची कुठून?"

"काकोसा, तुमचा चुना वाळायला महिना घेतो. मला उद्या इथेच दारात दुकान उघडायचंय."

"उघड, उघड! भिंत थांबेल की. तिला कुठं दुकान आहे!"

मित्रांनो, मला थांबता आलं नाही. कोंडलेली ओल माझ्या रंगांमागे साचली. गणपतीची सोंड गळाली, मग एकेक तिथी.

प्रवासी मात्र मला टेकून फोटो काढतच राहिले. परवा एकाने विचारलं, "इथे अजून माणसं राहतात?"

"छे, आम्ही भुतं आहोत," सायर म्हणाली. "तेवढं टेकू नका. भिंत आजारी आहे."

तो हसला. ती हसली नाही.

काल तपासणीवाले येऊन माझ्यावर खडूची फुली मारून गेले. आठ दिवसांत घर रिकामं करायचं. किल्ल्याखालच्या वस्तीत दोन खोल्या मिळाल्यात. जेठमल येताजाता माझ्याकडे बघायचं टाळतो.

"काकोसांचं ऐकलं असतं तर..." आज सकाळी तो पुटपुटला.

"तर काय? नळ तर मीच पुजला होता," सायर म्हणाली आणि गाठोडं आवळू लागली.

मित्रांनो, तुमच्या आसपास माझ्यासारखं कुणी जुनं असेल, तर त्याला काय सोसतं ते आधी बघा, मगच हात लावा. माया असली तरी बघा. माझं मागणं एवढंच. मला आता त्याचा उपयोग नाही.

आत्ताच माझ्या अंगावरून एक पोपडा सुटला. सहा वर्षांच्या गवरीने तो झग्याच्या ओच्यात अलगद झेलला आणि जपून पावलं टाकत आईपाशी नेला. त्यावरची अक्षरं अजून शाबूत होती. सायरच्या हातातली दोरी तशीच राहिली.

"मां, तुझं नाव पडलं," गवरी म्हणाली. "नव्या घराच्या भिंतीला हे चिकटेल?"