डबीतली राणी

पार्सल आलं तेव्हा डॉक्टर एका बँक मॅनेजरच्या अक्कलदाढेला भूल देऊन मोकळे झाले होते. भूल चढायला थोडा वेळ होता. तेवढ्यात रिसेप्शनवरच्या बाईंनी दार किलकिलं केलं, "आलं हो तुमचं ते," म्हणाल्या आणि खोका टेबलावर ठेवून गेल्या. पेशंटसमोर खासगी टपाल उघडू नये हे डॉक्टरांना कळत होतं. पण ऋतू बदलेपर्यंत वाट पाहिलेल्या माणसाला कळण्याचा फारसा उपयोग नसतो. त्यांनी हातमोजे काढले.

आत कडक प्लास्टिकची सीलबंद डबी असायला हवी होती. डबीवर लेबल, लेबलावर आकडा. निघाली ती मऊ पिशवी, नव्या शर्टाबरोबर जादा बटण येतं तसली. पिशवीत राणी होती आणि राणीशेजारी एक चिठ्ठी. "अस्सल नाही. गुण दिलेले नाहीत."

डॉक्टरांनी चिठ्ठी उलटून पाहिली. मागे कोरी होती. पुन्हा सुलटी केली. मजकूर तोच होता.

खुर्चीतला बँक मॅनेजर इतका वेळ डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होता. तो चेहरा कापसाच्या बोळ्याच्या रंगावर गेलेला पाहून तो उठूनच बसला. "ऑख्तर," तो अर्ध्या बधिर तोंडानं म्हणाला, "माझा एक्स-रे आहे का तो?"

"काढायला नको होतं," डॉक्टर म्हणाले.

"पण अजून काढलीच नाही!"

"मी काढलं. स्वतःच्या हातानं."

बँक मॅनेजरनं जीभ फिरवून दाढ चाचपून पाहिली. जिभेलाही भूल चढली होती, त्यामुळे खात्री होईना.

डॉक्टरांना ब्रिटिश नाण्यांचा नाद होता. नाद म्हणजे छंद नव्हे. छंदाला सुट्टी असते. आणि या नादाचा कळस म्हणजे पिशवीतली ती राणी: १८४७ सालचा गॉथिक क्राउन. बिस्किटाएवढं चांदीचं नाणं, त्यावर वेणी घातलेली, मुकुट ल्यालेली तरुण व्हिक्टोरिया, आणि पावणेदोनशे वर्षांच्या हवेनं चांदीवर चढवलेला निळा-जांभळा रंग. असली नाणी आता कुणी नुसती विकत नाही. आधी ती परीक्षकांच्या संस्थेकडे जातात. संस्था नाणं तपासते, सत्तरपैकी गुण देते आणि कायमचं डबीत बंद करते. पुढे लोक नाणं बघतात, पण विकत घेतात ते आकडा. डॉक्टरांच्या राणीला त्रेसष्ट गुण होते.

तिला त्यांनी लिलावात जिंकलं होतं, आणि तेही कुणाकडून? सख्ख्या मेहुण्याकडून. बायकोचे हे थोरले भाऊ, चष्म्याच्या दुकानाचे मालक. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. नाण्यांचा नाद डॉक्टरांना त्यांनीच लावलेला. लिलावाच्या हॉलमध्ये डॉक्टर दुसऱ्या रांगेत बसले होते, दादा पार मागे. राणी पुकारली गेली आणि डॉक्टरांनी नंबराची पाटी वर केली. मागे दादांची पाटी वर गेली. डॉक्टरांनी पुन्हा केली, दादांनी पुन्हा केली. बाकीचे खरेदीदार केव्हाच गळाले. उरले दोघं, एकाच घरातले. मधेच डॉक्टरांनी वळून पाहिलं तर दादा पंजा हलवून 'सोड, सोड' करत होते. एवढी गुर्मी! मग खिशात फोन थरथरला. दादांचंच नाव. लक्ष उडवायचे धंदे! डॉक्टरांनी फोन कापला. पुन्हा थरथरला, पुन्हा कापला. शेवटी हातोडा डॉक्टरांच्या नावावर पडला. त्या किमतीत दवाखान्याला नवी खुर्ची आली असती, पेशंटसकट.

बाहेर पार्किंगमध्ये दहा ओळखीच्या लोकांत डॉक्टर म्हणाले होते, "काय दादा, स्वतःचा नंबर तपासा एकदा. कुठे थांबायचं तेही दिसत नाही तुम्हाला?" लोक हसले. दादांनी तोंड उघडलं, मिटलं आणि गाडीत बसून निघून गेले. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद.

डॉक्टरांना त्याचं काही वाटलं नाही. बायकोला वाटलं. वर्षभर तिनं वाट पाहिली आणि एक दिवस पोळपाट बाजूला सारून सांगितलं, "दादाचा साठावा वाढदिवस येतोय. ते नाणं त्याला द्यायचं. तुमच्या हातानं."

"अगं, पण..."

"पण नाही. तुम्हाला राणी मिळाली, माझा भाऊ गेला. मला माझा भाऊ परत हवाय."

डॉक्टर कबूल झाले. इतक्या पटकन झाले की बायकोला संशयच आला. संशय रास्त होता. डॉक्टरांच्या मनात भलतंच शिजत होतं. द्यायचंच तर त्रेसष्टाचं कशाला? राणी मुळात पासष्टाची आहे, पहिल्या संस्थेनं हात आखडता घेतला, असं त्यांचं पहिल्यापासून मत होतं. डबी फोडायची, नाणं दुसऱ्या, जास्त कडक समजल्या जाणाऱ्या संस्थेकडे पाठवायचं आणि पासष्टाची राणी दादांच्या हातात ठेवायची. म्हणजे दर वेळी कपाट उघडलं की दादांना कळावं, हॉलमध्ये कुणाची नजर चांगली होती ते. इतकी प्रेमळ भेट त्यांनी आयुष्यात कुणाला दिली नव्हती.

डबी फोडणं हे नवख्याचं काम नाही. हात सटकला तर राणीच्या गालावर चरा. पण डॉक्टरांचा जन्म चिवट जागेतून नाजूक गोष्टी काढण्यात गेला होता. जबड्याचा धाक नसलेली ती त्यांची पहिलीच दाढ. त्यांनी सांध्यात बारीक चीर घेतली, हलकेच पिरगाळलं, कट्‌ आवाज झाला आणि राणी कापसावर उतरली. ओरखडा नाही. त्या दिवशी ते दवाखान्यात शीळ घालत होते. डबीचे तुकडे त्यांनी रक्तानं माखलेल्या कापसाबरोबर टाकून दिले.

आणि आता ही चिठ्ठी.

बँक मॅनेजरची दाढ कशी निघाली ते डॉक्टरांना नंतर आठवेना. पेशंट गेल्या गेल्या त्यांनी पहिल्या संस्थेला फोन लावला. त्या संस्थेची हमी असते: आम्ही पास केलेलं नाणं खोटं ठरलं तर भरपाई देऊ. पलीकडे फार गोड आवाजाची बाई होती.

"डबीवरचा क्रमांक सांगता का सर?"

त्यांनी तोंडपाठ सांगितला.

"डबी समोर आहे ना?"

"डबी... फोडली."

"अरे बापरे. कुणी?"

"मी."

पलीकडे जीभ चुकचुकली. अपघाताची बातमी ऐकल्यावर माणसांची चुकचुकते तशी.

"माझ्याकडे फोटो आहेत," डॉक्टर घाईनं म्हणाले. "आधीचे, नंतरचे. प्रत्येक डाग जुळतो. तुम्हीच त्रेसष्ट गुण दिलेत!"

"शक्य आहे सर. पण आमची हमी सीलबंद डबीला असते."

"म्हणजे डबीत होतं तोवर खरं होतं?"

"डबीत होतं तोवर आमचं होतं सर. आणखी काही मदत करू शकते?"

डॉक्टर घरी आले ते सोफ्यावर बसले, बूटही न काढता. बायकोनं आधी चेहरा पाहिला, मग पिशवी, मग चिठ्ठी.

"खोटं?"

"हो."

"तुम्ही तर म्हणायचात, तुम्हाला बघताक्षणी कळतं."

डॉक्टर बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

"त्या नाण्याकडे दोन बोटं पुढे नेऊ दिली नाहीत हो आम्हाला! शिंक आली तर मी बाहेरच्या खोलीत जाऊन शिंकायचे!"

"दादांना दुसरं काहीतरी देऊ," डॉक्टर क्षीण आवाजात म्हणाले. "एखादं चांगलं पेन वगैरे."

"पेन? मी फोनवर त्याला सांगून बसलेय की हे तुला राणी देणार आहेत. रविवारी येतोय तो. वर्षानं येतोय." ती समोर बसली. "जे आहे ते द्यायचं, आणि जसं आहे तसं सांगायचं. पेन देऊन परत त्याचा पाणउतारा केलात तर तो पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही. मग मीही तुमच्याशी बोलणार नाही. ती राणी घेऊन बसा."

रविवारी दुपारी दादा आले. बारीक झाले होते. दारात दोघं एकमेकांकडे न बघता एकमेकांच्या चपलांकडे बघत "या" आणि "आलो" म्हणाले. बायको केक आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेली आणि तिथे बशांचा नको तेवढा आवाज करत राहिली, म्हणजे आपण ऐकत नाही हे बाहेर कळावं.

डॉक्टरांनी भाषण पाठ केलं होतं. ते विसरले. त्यांनी नुसता हात पुढे केला.

दादांनी पिशवी घेतली, पाहिली आणि मटकन खाली बसले. "डबी कुठंय?"

"फोडली."

"कुणी?"

"मी."

"अहो, पण का?"

"त्रेसष्टाचे पासष्ट व्हावेत म्हणून."

"कशाला हवे होते पासष्ट?"

"तुम्हाला द्यायला," डॉक्टर म्हणाले. वाक्य खरं होतं. कानाला मात्र भलतंच गोंडस लागलं, आणि त्याची त्यांनाच लाज वाटली. "म्हणजे तुम्हाला टोचावं म्हणून. दादा, ते खोटं निघालं. ही चिठ्ठी. त्या दिवशी मी तुम्हाला चारचौघांत..."

पण दादांचं चिठ्ठीकडे लक्षच नव्हतं. त्यांनी खिशातून भिंग काढलं, राणी पिशवीतून बाहेर घेतली आणि तिच्या तोंडाकडे ढुंकूनही न बघता ती आडवी धरून तिची कड फिरवायला लागले. कडेवर उठावाची अक्षरं असतात. दादांनी ती सावकाश सगळी फिरवली आणि भिंग खाली ठेवलं.

"अक्षरं बघा. साबणासारखी गुळगुळीत. खऱ्यावर कशी खणखणीत असतात. मला वाटलंच होतं."

"तुम्हाला? तुम्ही कधी पाहिलीत कड? लिलावात डबी होती. डबीत कड दिसत नाही."

"डबीत जायच्या आधी पाहिली होती."

डॉक्टरांना आधी अर्थच लागला नाही. मग एकदम लागला. "नाणं... तुमचं होतं?"

"माझंच. कैक वर्षांपूर्वी घेतलेलं. कडेनं झोप उडवली होती माझी. म्हटलं, जाणकारांना विचारू. पाठवलं. त्यांनी पास केलं, वर त्रेसष्ट दिले! आता त्यांच्यापुढे मी कोण? चष्मेवाला. पण मन खातच राहिलं! म्हटलं, नकोच घरात. लिलावाला दिलं, आणि कोण घेतंय बघायला मागे जाऊन बसलो. बघतो तर आमचे जावईबापू पाटी वर करून बसलेत!"

"म्हणजे तुम्ही माझ्याविरुद्ध..."

"अहो विरुद्ध कसलं! सोडवत होतो तुम्हाला! मालकानं आपल्याच मालावर बोली लावायची नसते, नियम आहे. तो मोडला मी. म्हटलं, जाऊ दे, परत घेतो, बहिणीच्या घरात ही पीडा नको. हातानं सांगत होतो, सोडा, सोडा. फोन केले. तुम्ही कापले."

"मला वाटलं, माझं लक्ष उडवताय."

"भर हॉलमध्ये उभा राहून ओरडू, की माझ्या मालावर माझाच भरवसा नाही?"

"मग नंतर का नाही सांगितलंत?"

दादांनी चष्मा काढून पुसला. "पार्किंगमध्ये सांगणार होतो. तोंड उघडलंही. तेवढ्यात तुम्ही माझा नंबर काढलात." त्यांनी चष्मा परत लावला. "मग रागही आला. आणि घरी जाऊन म्हटलं, डबीत आहे तोवर ते खरंच आहे. दोन पिढ्या कुणाला कळणार नाही. एवढं देऊन घेतलेली डबी कोण फोडतंय?"

डॉक्टर स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. डबीतून काढल्यापासून राणीला त्यांनी किती वेळा हातात घेतलं असेल? प्रत्येक वेळी नियमानं: कडेनं धरायचं, तोंडाला बोट लावायचं नाही. म्हणजे जे बघायला हवं होतं ते अंगठा आणि तर्जनीखाली झाकूनच ते बाकीचं सगळं बघत राहिले होते.

"नुकसान माझं," दादा म्हणाले. "लिलावाचे पैसे तर माझ्याकडेच आलेत. परत घ्या सगळे."

"वाढदिवस तुमचा आहे."

"म्हणून खोटं नाणं फुकट घेऊ?"

"भेट आहे ती, दादा."

स्वयंपाकघरातला बशांचा आवाज केव्हाच थांबला होता. बायको केक घेऊन दारात उभी होती. ती भावाकडे बघत होती, मग नवऱ्याकडे. दोघांचे चेहरे एकाच भिंतीवर आदळून आल्यासारखे दिसत होते. ते तिला पसंत पडलं असावं.

"झालं द्यायचं?" तिनं विचारलं.

"झालं," दादा म्हणाले. "छान आहे गं. खोटं आहे, पण घरचं आहे." आणि केकची बशी घ्यायला हात मोकळा हवा म्हणून त्यांनी राणी सरळ पँटच्या खिशात टाकली. खिशात दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा होता. खळ्ळ असा आवाज आला.

"दादा!" डॉक्टर किंचाळलेच. "ओरखडे पडतील!"

दादा दचकले. चटका बसल्यासारखा त्यांनी हात खिशात घातला, राणी बाहेर काढली आणि श्वास रोखून दोन बोटांत धरली, कडेनं.