न घ्यायच्या नावाची उचकी

मित्रांनो, मी मुलुंडच्या डॉक्टर विद्याधर सबनीसांच्या दवाखान्यातला जुना कोच आहे. आता गॅलरीत असतो आणि माझ्यावर पापड वाळत घालतात. पण एके काळी माझ्यावर आडवं पडायला भली भली माणसं घाबरायची, हे त्या पापडांना काय ठाऊक!

धाकू सुताराने मला सागवानाचा बांधला, आत काथ्या नि स्प्रिंगा भरल्या, वर हिरवं रेक्झिन ठोकलं. डॉक्टर होते मनाचे. रोग्याने माझ्यावर पडायचं आणि मनात येईल ते बोलायचं, अशी त्यांची पद्धत. पण सन चोपन्नच्या मुलुंडात मन कोणालाच नव्हतं. पित्त होतं, वात होता, गुडघे होते. 'मनोविकार' ही आमची पाटी दिसली की लोक पलीकडच्या बाजूने जात. मी आपला नवा कोरा, धूळ खात पडलेला. राग यायचा मला.

अशात जानकीबाई टिपणीस आपल्या यजमानांना, अण्णांना, अक्षरशः ओढत घेऊन आल्या. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, त्या दिवसापासून अण्णांना उचकी लागली होती. साखर खाऊन झाली, श्वास कोंडून झाला, शेजाऱ्यांनी मागून येऊन दचकवून पाहिलं. उचकी हटेना. त्यात व्याह्यांचा निरोप आला, मुलीच्या वडिलांना काही भलता रोग नाही ना? आधी बरे होऊ द्या, मग मुहूर्त धरू. कुंदाचं लग्न मोडायला आलं होतं.

अण्णा माझ्यावर आडवे झाले. प्रत्येक उचकीला माझ्या स्प्रिंगा कुरकुरत.

"मनात येईल ते बोला," डॉक्टर म्हणाले.

"मनात... उक्... काही येत नाही. आमच्या घरात... उक्... तसलं चालत नाही."

जानकीबाईंचा धीर सुटला. "डॉक्टर, तुमचं शास्त्र राहू द्या बाजूला. ह्यांची कोणीतरी आठवण काढतंय. नाव बरोबर आलं की उचकी थांबते. गिरगावच्या मावशी?"

उक्.

"ऑफिसातले साहेब? पेणचे आत्तोबा? तुमची ती वर्गातली कमळा?"

उक्, उक्. कमळेला जरा मोठी आली, पण थांबली नाही. डॉक्टर तोंडावर रुमाल धरून हसत होते. जानकीबाईंनी पदर सारखा केला आणि हळूच म्हणाल्या, "मधूभावजी?"

अण्णा ताडकन उठून बसले. "ते नाव आपल्यात घ्यायचं नाही असं ठरलंय ना? आंबोलीची ख्रिश्चन मुलगी केली तेव्हाच तो आम्हाला मेला! वडिलांना शब्द दिलाय मी!"

एवढं लांबलचक बोलले, पण मध्ये एकही उचकी नाही. ते अण्णांच्याही ध्यानात आलं. मग ते पुन्हा माझ्यावर आडवे झाले आणि हमसून हमसून रडले. मधूला त्यांनीच खांद्यावर बसवून वाढवला होता.

रविवारी मधुकर नि त्याची ज्युलिया दवाखान्यातच आली, कारण एकमेकांच्या दारात जायची दोघा भावांना भीती वाटत होती. मधुकर माझ्यावर, अण्णांपासून हातभर लांब बसला.

"अण्णा, माझ्या नावाने आंघोळ केलीत म्हणे."

"केली."

"गरम पाण्याने?"

"गार. पौषात. आठवडाभर खोकत होतो."

"मग ठीक आहे," मधुकर म्हणाला आणि अण्णांना बिलगला. अण्णांनी ज्युलियाच्या ओंजळीत स्वतः अक्षता आणि पत्रिका ठेवली. लग्न झकास झालं, पंगतीत वाढायला मधुकर सगळ्यांत पुढे होता.

मग काय, सगळ्या मुलुंडाला उचक्या लागल्या! मनाच्या डॉक्टरकडे जायची लाज, पण उचकीची कसली लाज? कोणाची माहेर तुटलेल्या बहिणीच्या नावाला थांबे, कोणाची ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवून विसरलेल्या काकांच्या.

मित्रांनो, माझं रेक्झिन फाटलंय, पण नवं घाला असं मी म्हणणार नाही. तुमच्याही घरात न घ्यायचं एखादं नाव असेल, तर ते मोठ्यांसमोर एकदा घ्या. ते रागावतील. पण रागावून झालं की अण्णांसारखेच रडतील. तेव्हा त्यांचा हात धरा.