पांढऱ्या कापडाचे दिवस

मित्रांनो, मी सात खणांची एक जुनी गोळ्यांची डबी आहे. साच्यातून निघाले तेव्हा माझी झाकणे काचेसारखी नितळ होती. आता बुधवारच्या झाकणाला तडा गेला आहे.

एका शिंप्याच्या बायकोने मला विकत आणले. त्याच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत. डॉक्टरबाईंनी दोघांना बजावले होते, "हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतायत. तिथं रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की घात. रक्त पातळ करणारी ही पिवळी गोळी एक दिवसही चुकवू नका. काही अडलं तर आधी मला विचारा."

दर रविवारी बायको मला भरायची. "ही डबी आली आणि माझा जीव भांड्यात पडला," असे शेजारणीला सांगायची. मला कोण अभिमान वाटे! दोन वर्षे सुरळीत गेली.

मग शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यांचे काम आले. शिंप्याच्या बोटाला सुई टोचली आणि रक्त काही थांबेना. कॉलरवर डाग पडला. "मास्तर, हात म्हातारा झाला वाटतं," सदऱ्यांचे काम देणारा दुकानदार हसत म्हणाला. ते शिंप्याच्या जिव्हारी लागले. दुसऱ्या दिवसापासून तो पिवळी गोळी गुपचूप बटणांच्या डब्यात टाकू लागला. सदरे संपेपर्यंतच, असे त्याने ठरवले होते. बायको माझा रिकामा खण बघून निश्चिंत व्हायची. मी सगळे पाहत होते, पण मला वाचा कुठली?

अकराव्या दिवशी कापड बेततानाच त्याच्या हातून कात्री गळाली. तोंड वाकडे झाले, शब्द फुटेना.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारले, "पिवळी गोळी आज घेतली होती?"

बायकोने मला पुढे केले. "एकही चुकली नाही हो. बघा ना, खण रिकामा आहे."

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. "मग गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार नाही. रक्त आधीच पातळ आहे, मेंदूत रक्तस्राव होईल."

शिंपी डोळे फाडून माझ्याकडे बघत होता. त्याला सांगायचे होते. जीभ वळली नाही.

तो वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणेही. महिन्याभराने त्याच्या सदऱ्याला बटण लावायला बायकोने तो डबा उघडला. बटणांत पिवळ्या गोळ्या होत्या. तिने त्या एकेक करून वेचल्या. मग उठली, माझ्यातली आजची गोळी काढली आणि त्याच्या ओठांशी धरली. त्याने मान खाली घातली होती.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी डबी असेल, तर एवढे ऐका. गोळी नकोशी झाली तर ती माझ्या खणातच राहू द्या. भरलेला खण दिसला की घरातले कोणीतरी रागावेल, कारण विचारेल. रिकाम्या खणाला कोणी काही विचारत नाही.