येऊन राहिली समज

चव घेण्यासाठी दिलेला लाकडी चमचा माझ्या करंगळीपेक्षा थोडा लांब होता. दोन्ही टोकं गोल, मधे कंबरेसारखा अरुंद, रंग वाळलेल्या गवताचा. आईने त्यातलं जपानी सूप ओठांनी टिपलं, चमचा उलटसुलट करून पाहिला, बाटलीतलं थोडं पाणी त्यावर सोडलं, पदराने पुसला आणि पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवून दिला. कचऱ्याचा डबा हाताच्या अंतरावर होता. कप्प्यात आधीचेही काही चमचे दिसत होते.

"कसं आहे सूप?" दादाने विचारलं.

"वरणाचं पाणी हाय. हिंग टाकाले विसरले."

"आई, हे मिसो आहे. सोयाबीन आंबवून करतात."

"मंग आंबवायच्या नादात विसरले असतीन."

चमच्यांबद्दल मी काही विचारलं नाही. मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुन्याला उगीच हात लावायचा नाही, ही सवय घरीही सुटत नाही.

आम्ही चौघं नागपूरजवळ हिंगण्याच्या पुढच्या एका थीम पार्कमध्ये आलो होतो. जानेवारीत तिथला लाटांचा तलाव रिकामा करतात आणि त्याच्या निळ्या फरशीवर 'जगाची थाळी' नावाचा महोत्सव भरवतात. उथळ बाजूने आत शिरायचं आणि उतरत उतरत जायचं. पहिल्याच उतारावर जपान होतं, मग मेक्सिको, लेबनॉन, थायलंड. शेवटी, जिथे भिंतीवर 'खोल पाणी, लहान मुलांना सोडू नये' असं अजून लिहिलेलं होतं, तिथे कॅनडा.

कॅनडाचा स्टॉल आहे हे कळल्यावर दादानेच तिकिटं काढली होती. माझा भाऊ जितेंद्र आठ वर्षांपासून हॅलिफॅक्सला राहतो. त्याची बायको सोनिका पुण्याची. तिला पाचवा महिना लागला होता. दोघं तीन आठवड्यांसाठी आले होते आणि मंगळवारी परत जाणार होते. जाण्याआधी आईच्या व्हिसाचे कागद भरायचे होते. आई थोडे महिने येणार की कायमची, त्यावर कुठला अर्ज करायचा ते ठरणार होतं.

दादा आणि वहिनीच्या दृष्टीने हा प्रश्न ऑक्टोबरातच सुटला होता. बाळाची बातमी द्यायला वहिनीने फोन केला, तेव्हा आईने स्वतःच कायमचं यायचं कबूल केलं, असं वहिनी सांगायची. त्यानंतर त्यांनी घर बदललं. नव्या घरात आईसाठी वेगळी खोली होती. वहिनीने तिच्या भिंती स्वतः पिवळ्या रंगवल्या होत्या, खिडकीशी देव्हाऱ्यासाठी फळी ठोकून घेतली होती. आल्या दिवशी तिने फोटो दाखवले. वहिनीची आई तिच्या लग्नाआधीच गेली. फोटो दाखवताना ती आईच्या चेहऱ्याकडेच बघत होती.

आईने फोटो नीट पाहिले. "मस्त रंग हाय वं," म्हणाली. नंतर स्वयंपाकघरात मला हळूच विचारलं, "मी असं कधी म्हटलं?"

तेव्हापासून दादा दिवसाआड विचारत होता, "आई, मग कोणता अर्ज भरू?" आणि आई म्हणत होती, "पाहू."

आमच्या घरात 'पाहू' या शब्दाचा अर्थ कोणालाच लावता येत नाही. बाबांनी स्कूटर घ्यायची म्हटलं होतं तेव्हाही आई 'पाहू' म्हणाली होती आणि दुसऱ्याच दिवशी हार घेऊन दारात उभी होती. माझ्यासाठी आलेल्या एका स्थळालाही तिने 'पाहू'च म्हटलं होतं. ते स्थळ अजून पाहतंच आहे.

बाबा गेल्यापासून मनीषनगरच्या घरी आम्ही दोघीच राहतो, आई आणि मी. ती गेली तर मी एकटी. म्हणून या विषयात माझं मत धरायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. आदल्या दिवशी आईने विचारलं होतं, "नूपुर, तुले काय वाटते?"

"मी त्यात नको. माझ्या मतामुळे तुझा निर्णय हलेल."

"तू त्या प्रयोगशाळेतून घरी कधी येशीन वं?" आई म्हणाली आणि मेथी निवडायला लागली.

मेक्सिकोच्या स्टॉलवर चष्मेवाला माणूस टॅको भरत होता. त्याने मान वर न करता वहिनीला विचारलं, "ताई, वरून सांबार टाकू का?"

वहिनी दचकली. "टॅकोवर सांबार?"

"थोडासा. चांगला लागते."

"नको, नको. ओला होईल ना तो."

दादा हसून वाकला. "अगं, कोथिंबीर! इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सहा वर्षं झाली लग्नाला, अजून एवढंही नाही माहीत?"

"कसं माहीत असणार? माझ्याशी तू पुण्याचं मराठी बोलतोस. आईंचा फोन आला की बाल्कनीत जाऊन बोलतोस. मला वाटायचं काहीतरी गुप्त आहे."

"गुप्त नाही गं. दोन्ही मराठी एकदम बोलली की माझी जीभ अडकते."

"मग अडकू दे की एकदा! मलाही ऐकायचंय."

"टाका हो सांबार," आई टॅकोवाल्याला म्हणाली. "पोरीले खाऊ द्या." तिने स्वतःचा टॅको दोन्ही हातांनी धरला आणि सगळीकडून निरखला. "म्हणजे पोळी मुडपून तिच्यात भाजी. हे तर मी ह्याले डब्यात देत होती. तव्हा हा म्हणे, मले लाज वाटते."

"तेव्हा मला त्याचं नाव माहीत नव्हतं ना," दादा म्हणाला.

वहिनी एवढी हसली की तिला फरशीवर टेकावं लागलं. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिथे बराच वेळ होता. ते पाहून मला वाटलं, आई जाणार. कायमचीच जाणार. वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा थोडा रागही आला.

लेबनॉनच्या स्टॉलपाशी दादा आणि आई पुढे निघून गेले. कोंबुचा नावाचं आंबवलेल्या चहाचं पेय आईला दाखवायचं होतं. गर्भारपणी ते नको म्हणून वहिनी माझ्याबरोबर थांबली. तिला फलाफल खायचे होते. परातीत काही तळलेले वडे होते, कढईत नवे सोडलेले.

"भाऊ, एक प्लेट," वहिनी म्हणाली.

"थांबा ताई, तळून राहिलो."

"तळून राहिलेले नकोत हो. ताजे द्या."

तो माणूस झारा हातात धरून तिच्याकडे पाहत राहिला. "ताजेच देऊन राहिलो ना!"

"म्हणजे देऊन उरलेले?"

"उरलेले कायले देईन, ताई? आत्ता टाकून राहिलो, तुमच्या डोळ्यासमोर!"

"नूपुर," वहिनी वळून माझ्या कानाशी म्हणाली, "हा मला शिळंच द्यायला बघतोय."

मला हसू आवरेना. "नाही वहिनी. तळून राहिलो म्हणजे तळतोय. आत्ता, या क्षणी. नागपुरात चालू काळ 'राहणे' लावून करतात. जेवून राहिलो म्हणजे जेवतोय. जाऊन राहिलो म्हणजे..."

माझं वाक्य तिथेच थांबलं. वहिनीचा प्लेटसाठी पुढे केलेला हातही थांबला. एकच गोष्ट दोघींच्या एकाच वेळी लक्षात आली होती, फक्त तिच्याजवळ पुरावा होता, माझ्याजवळ नुसता नियम.

"ऑक्टोबरमध्ये आई फोनवर नेमकं काय म्हणाली होती?" मी विचारलं.

वहिनीने ते शब्द जपून ठेवले होते. आईच्याच सुरात म्हणाली, "'रडू नको बेटा. मी येऊन राहिली समज!'" मग तिने ते पुन्हा म्हटलं, या वेळी हळू, एकेक शब्द सुटा करून. "येऊन राहिली. म्हणजे येते आहे. एवढंच?"

"एवढंच."

"आणि मी त्याच दिवशी जितेंद्रला सांगितलं की आई येऊन राहणार. कायमच्या. त्याने मला परत विचारलंही नाही. आनंदाने उडीच मारली त्याने." तिने प्लेट हातात घेतली. फलाफलांतून वाफ निघत होती. "मी खोली रंगवली, नूपुर."

"आईला रंग आवडलाय."

"मग त्या काही बोलत का नाहीत?"

"तुला वाईट वाटेल म्हणून. किंवा तिचं खरंच ठरलेलं नाही. मला माहीत नाही."

हे खरं होतं. मला खरंच माहीत नव्हतं. वहिनीने एक फलाफल तोंडात टाकला, पोळला म्हणून फुंकर मारली, आणि डोळ्यांतलं पाणी त्यामुळेच आलं असं दाखवून आम्ही दोघी उतार उतरायला लागलो.

कॅनडाच्या स्टॉलवर मॅपलच्या पानाचा लाल झेंडा होता आणि झेंड्याखाली भैय्याजी होते. पोटावर पांढरा एप्रन, कपाळाला गंध. एरवी ते सीताबर्डीला तर्री-पोह्याची गाडी लावतात, हे त्यांनीच आल्या आल्या सांगितलं. ते पुटीन करत होते. बटाट्याचे तळलेले लांब काप, त्यावर पनीरचे तुकडे आणि वरून गरम रस्सा.

दादाने पहिला घास घेतला आणि त्याचं कपाळ घामाने चमकलं. "भैय्याजी, हा रस्सा कॅनडाचा नाही."

"कसा नाही? मॅपलचं सिरप टाकलं ना दोन थेंब."

"पण ही तर तर्री आहे! सरळ सरळ चण्याची तर्री!"

"सायेब, कॅनडातले लोक आले तर त्याहिलेबी हेच देतो. कोणी वापस नाही केलं अजून."

आईने चमच्याने थोडी तर्री घेतली. महोत्सवात आल्यापासून पहिल्यांदा तिने लगेच दुसरा चमचा भरला. "तुह्या कॅनडात हे भेटत असंन तर बरं हाय," ती दादाला म्हणाली.

"असं नाही भेटत," दादा नाक पुसत म्हणाला. त्याची प्लेट तेवढ्यात रिकामी झाली होती.

आम्ही तलावाच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात, उन्हात टाकलेल्या टेबलाशी बसलो. भिंत आमच्या डोक्याच्या वर गेली होती आणि वरून पाळण्यातल्या लोकांच्या किंकाळ्या येत होत्या. आईने खाणं संपवलं, चमचा धुतला, पुसला आणि पर्सकडे हात नेला.

आता दादाला दिसलं. "आई, हा कचरा कशाला जमवतेस?"

"कचरा कायचा? चांगलं लाकूड हाय." आईने कप्पा उघडून चमचे टेबलावर मांडले, टोकाला टोक लावून. "गच्चीवरच्या वाफ्यात खोचाले. याच्यावर पेनानं नाव लेहायचं. उगवेपर्यंत मेथी कुठं अन् पालक कुठं, काही समजत नाही. मागं मी गाजरावरच सांबार पेरला. पुढच्या थंडीत असं नाही होऊ देणार."

पुढच्या थंडीत. शब्द साधे होते आणि आईने ते सहज उच्चारले होते, पण कायमचं जाणाऱ्या माणसाचे ते नव्हते. दादाने चमच्यांकडे पाहिलं, मग आईकडे. मी वहिनीकडे पाहिलं. तिने मला नजरेनेच थांबवलं आणि स्वतःची खुर्ची आईजवळ ओढली.

"आई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार ना वं."

"ऑक्टोबरमध्ये तुम्ही मला म्हणालात, येऊन राहिली समज. मी समजले, तुम्ही येऊन राहणार. कायमच्या. आज त्या फलाफलवाल्याने मला तुमचं मराठी शिकवलं."

आई तिच्याकडे पाहत राहिली. मग तिच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं. ती तोंडावर पदर धरून हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. "अरे बापा! म्हणून खोली? मी म्हणते, पोरीनं खोली काहून रंगवली! मले वाटलं मीच काही बोलून गेली अन् विसरली. आता नाही कसं म्हणू, तुनं एवढ्या हौसेनं केलेलं."

"मला वाटलं तिनं तुझ्याकडून शब्द घेतलाय," दादा म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "मी तर नागपूरचाच आहे. मला तरी कळायला हवं होतं."

"तुले कळलं असतं. पण तुले कळून घ्यायचं नव्हतं," आई म्हणाली आणि त्याच्या गालावर टिचकी मारली. दादा मान खाली घालून हसला.

वहिनीने आईचा हात धरला. "ते जाऊ दे. मी काय ऐकलं ते विसरा. खोलीचंही विसरा. तुम्हाला काय हवंय ते सांगा. माझं वाईट वाटणं मी सांभाळीन. मला मोठ्या माणसाने खोटं गोड बोललेलं नको आहे."

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी नजर वळवली नाही. मत द्यायचं नाही, हा नियम मी मोडला असेल तर तेवढाच.

आईने चमचे गोळा करून मूठ वळली आणि वहिनीचा हात दुसऱ्या हातात तसाच ठेवला. "हे पाह्य. डिंकाचे लाडू मी करन, तुह्या लेकराचं न्हाऊमाखू मीच करन. शेक, शेगडी, सगळं. तुह्यी आई असती तिनं केलं असतं तेवढं, अन् थोडं वरून. पिवळी खोली माह्यीच राहू दे, कुलूप नको लावू, मी येत जाईन. पण माह्या गच्चीवर वाफे हाय. खाली पायरीवर बसाले शेजारणी हाय. अन् हे एक हाय," तिने मुठीतल्या चमच्यांनी माझ्याकडे इशारा केला, "विचारल्याबिगर बोलत नाही, विचारलं तरी बोलत नाही. याले कोण पाहीन?"

"मग कोणता अर्ज भरू, आई?" दादाने विचारलं. या वेळी त्याच्या विचारण्यात घाई नव्हती.

आईने 'पाहू' म्हटलं नाही. वहिनीचा हात दाबून, भैय्याजींनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली, "मी येऊन राहिली वं, सोनिका. पण राहाले नाही येऊन राहिली."