चण्यांबरोबर वाटलेले समोसे

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका! मी एक जुनी, चौकोनी डिलिव्हरी बॅग आहे. माझी चेन अर्धीच लागते, एक पट्टा दोनदा शिवलाय. पण समोसा आजही गरम पोचवते, हो!

कारखान्यातून आले तेव्हा मी चकचकीत होते. नालासोपाऱ्याच्या सुनंदाच्या स्कूटरवर बसून मी सारी वसई पालथी घातली. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच. जिच्यासाठी ती घरोघरी खाणं पोचवते, ती कंपनी तिला 'पार्टनर' म्हणते. ऐकायला किती गोड!

मे महिन्यात एका संध्याकाळी आम्ही वटार गावात समोसे नेले. तिथल्या पास्कलने ते मुंबईच्या ऑफिसातून घरी मागवले होते. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मार्थाबाय क्रुसाजवळ असेल, रोजरीच्या प्रार्थनेला." मार्थाबाय म्हणजे पास्कलची आई. सुनंदाने तिथे जाऊन पुडा तिच्या हातात दिला. प्रार्थना संपली की तिथे उकडलेले चणे वाटतात. मार्थाबायला वाटलं, लेकाने समोसेही वाटायलाच पाठवलेत. वाटून मोकळी!

पास्कल भुकेला घरी आला. आई अजून क्रुसाजवळच गप्पा मारत होती. समोसे दिसेनात, तशी त्याने 'समोसे आलेच नाहीत' अशी कंपनीकडे तक्रार ठोकून दिली.

सकाळी बघतो तर वटारच्या तक्रारीवरून सुनंदाचा आयडी बंद! म्हणजे आता एकही ऑर्डर मिळणार नाही. कंपनीला फोन लावला, तर यंत्र बोलायचं. "अहो, मला एकदा विचारा तरी!" ती ओरडली. ऐकायला माणूसच नव्हता. कसली पार्टनर अन् कसलं काय! तिने मला दारामागे उलटी ठेवली. आता हिचं घर कसं चालायचं, या विचाराने माझा जीव तुटत होता.

मग तिने मला पुन्हा उचललं आणि थेट वटार गाठलं. मार्थाबायने कपाळावर हात मारला. "अगं बाय, ते तर आम्ही सगळ्यांनी खाल्ले! पास्कल, इकडे ये आधी!"

पास्कल ओशाळला. "सॉरी ताई, आधी आईला विचारायला हवं होतं." त्याने तिथेच तक्रार मागे घेतली, वर कंपनीलाही खडसावून लिहिलं. दुपारी आयडी सुरू झाला. सुनंदा त्यांच्या पायरीवर बसून रडली, मग हसली. आणि मी? हुश्श!

मित्रांनो, मी फाटले की मला खुशाल टाकून द्या. मी वस्तू आहे. पण माणसाला असं न विचारता कामावरून काढता येऊ नये, असा नियम हवा. मोठे झालात की तेवढं बघा. तोवर सुनंदासारख्या कुणासाठी दार उघडाल तेव्हा तिला पाणी विचारा, आणि तक्रार करण्याआधी घरात विचारा.

थांबा, फोन वाजला. सुनंदा म्हणतेय, "चल गं, ऑर्डर आलीय."

निघते मी!